हाक मारली की बदलणारं नाव

पार्सिपनीत त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. हातमोजा दातांनी ओढून काढला, तर स्क्रीनवर ईशाचं नाव. ईशा म्हणजे शरयूमावशींची नात. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आईबाबांबरोबर राहते, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि फोन कधीच करत नाही. तिच्या वयाची मुलं मेसेज करतात. त्यामुळे ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच मला काय ते समजलं. “मेधामावशी, आजी... शी इज गॉन,” ती म्हणाली. सकाळी चहा टाकायला म्हणून मावशी उठल्या होत्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि तिथेच आडव्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. ईशा एवढंच बोलली आणि रडायला लागली. मी इकडे बर्फात उभी. नुसतं “हो गं, हो गं” म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशीचं नेवार्कहून डॅलसचं फ्लाइट बर्फामुळे कॅन्सल झालं, त्यानंतरचंही झालं. मावशींचा मुलगा निखिल, त्याने अंत्यविधीची लिंक पाठवली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात कुठेतरी लावलेला असावा, त्यामुळे माणसांचे चेहरे दिसत नव्हते, नुसती डोकी दिसत होती. मावशींच्या अंगावर जांभळी शाल होती, तिचा एक कोपरा तेवढा मला दिसला. भटजींनी निखिलला काहीतरी विचारलं, आवाज नीट येत नव्हता, आणि चित्र तिथेच गोठलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा हॉल रिकामा होता, एक माणूस खुर्च्या उचलत होता. इतक्या जवळच्या माणसाला असा निरोप द्यावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. आता काही आठवडे झालेत. मावशींबद्दल लिहावं असं वाटतंय, कारण त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जे केलं ते फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ते थोडं विचित्रच वाटत आलंय.

शरयूमावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी नागपूरहून नोकरीच्या व्हिसावर इथे आले, एकटीच, आणि आमच्या कॉम्प्लेक्समध्ये संध्याकाळी फेऱ्या मारताना आमची ओळख झाली. साडीवर फुगीर जॅकेट, पायात नातीचे जुने गुलाबी स्पोर्ट्स शूज. काका गेल्यावर मिरजेचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलेलं. निखिल आणि सून दिवसभर कामावर, ईशा तेव्हा शाळेत. घरात मराठी बोलायला भिंती होत्या. ईशा आजीचं सगळं समजून घ्यायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. “प्रश्न माझा आणि उत्तर दुसऱ्याच कुणाचं, असं वाटतं गं,” मावशी एकदा म्हणाल्या होत्या. तक्रार म्हणून नाही, सहज.

त्यांच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, एक आयरिश म्हातारी राहायची. कागदोपत्री तिचं नाव मेरी. तरुणपणी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून ती इथे आली होती, एका शाळेच्या किचनमध्ये नोकरी केली, इथल्याच माणसाशी लग्न केलं. नवरा गेला, मुलगा केव्हिन दीड-दोन तासांच्या अंतरावर, शनिवार-रविवारी यायचा. दिवसा सांभाळायला एक बाई असायची. मेरीला स्मृतिभ्रंश होता. मावशींची आणि तिची ओळख झाली तेव्हा ती मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होती, मावशीही मोडकंतोडकंच बोलत, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. दुपारी मावशी तिच्या घरालगतच्या छोट्या अंगणात, पॅटिओवर, जाऊन बसत. एक लोकर विणायची, दुसरी उसवायची. मग हळूहळू मेरीचं इंग्रजी सुटत गेलं. ती काहीतरी वेगळंच बोलायला लागली. केव्हिनला वाटलं, आता शब्दही गेले. सांभाळणारी बाई म्हणायची, “इट्स जस्ट साउंड्स, हनी.” नुसते आवाज.

विशेषतः दुपारी मेरी फार अस्वस्थ व्हायची. “दून अन दोरस! दून अन दोरस!” असं ओरडायची, काचेच्या सरकत्या दाराकडे हात करायची. तिला बाहेर जायचंय असं समजून ती बाई दार आणखी उघडायची, आणि मेरी आणखी ओरडायची. थंडीच्या दिवसांत हे रोज चाले. एका संध्याकाळी फेऱ्या मारताना मावशी अचानक थांबल्या. म्हणाल्या, “मेधे, ती बडबडत नाहीये. ती दाराकडे बघून दोरस म्हणते. दोरस... द्वार... आपलं दार. मला वाटतं तो शब्द आहे.” मी म्हटलं, “मावशी, योगायोग असेल.” त्यावर त्यांनी शाळेतल्या बाईंसारखं माझ्याकडे पाहिलं. “आणि ती त्या सांभाळणाऱ्या बाईकडे बोट करून एकदा ब्यॅन म्हणते, एकदा व्यॅन म्हणते. आवाज असे शिस्तीत बदलत नाहीत. विभक्ती असल्याशिवाय शब्द असा बदलत नाही.”

मी केव्हिनला विचारलं. तो म्हणाला, हो, आई तिच्या लहानपणी घरात आयरिश बोलायची, पण आपल्याला त्यातलं काही येत नाही; आईने कधी शिकवलंच नाही, इथे त्याचा काय उपयोग असं तिला वाटायचं. हे सांगताना त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग पुढच्या शनिवारी मी मावशींना गाडीतून गावच्या लायब्ररीत घेऊन गेले. तिथल्या बाईंनी दुसऱ्या लायब्ररीतून आयरिश व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक मागवून दिलं. शब्दकोश फोनवर होता. आणि सत्तरी ओलांडलेल्या शरयूमावशी, ज्यांना इंग्रजीत चहा मागायला संकोच वाटायचा, इंग्रजीतून आयरिश शिकायला बसल्या.

निखिल हसला. त्याचे मित्र हसले. “मावशी, त्यापेक्षा इंग्रजी सुधारा की,” असं कुणीतरी संक्रांतीच्या जेवणात म्हणालं, सगळे हसले आणि मावशीही हसल्या. पण घरी गेल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “दून म्हणजे बंद कर,” त्या म्हणाल्या. “ती इतके दिवस दार लाव, दार लाव म्हणतेय गं. आणि आपण उघडतोय.”

त्या दुपारी मी घरून काम करत होते, म्हणून मीही गेले. मेरी खुर्चीत अंग चोरून बसली होती. दार उघडं होतं, वारा थेट तिच्या अंगावर. तिने हात केला, “दून अन दोरस,” आता ओरडण्याचं त्राणही नव्हतं. मावशी उठल्या, काचेचं दार सरकवलं, कडी लावली. मेरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि खांदे खाली सोडले... थंडीने इतका वेळ आखडून धरलेले खांदे. सांभाळणारी बाई दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, मी पाहिलं. तिचा काही दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की ही भाषा आहे.

त्यानंतर मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या गोल टेबलावर बसून मी कितीतरी संध्याकाळी ते व्याकरण ऐकलं असेल. मला सुरुवातीला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. पण त्यांचा चेहरा बघत राहावासा वाटे. “आपल्याकडे शब्द शेपटी बदलतो,” त्या म्हणायच्या, “पाणी, पाण्यात. देऊळ, देवळात. माणूस, माणसाला. ह्यांच्याकडे शेपटीही बदलते आणि तोंडही बदलतं. ब्यॅन म्हणजे बाई. ती ठरावीक बाई म्हटलं की व्यॅन. बाईचा हात, बाईचं घर म्हटलं की म्रॉ. पुस्तकात म्नॉ लिहिलंय, पण मेरीच्या गावाकडे म्रॉ म्हणत असणार, ती तसंच म्हणते. एकाच बाईची तीन तोंडं. शब्दकोशात शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण ते शोधायचं असतं मूळ तोंडाने, आणि मूळ तोंड कुठलं हे आधी कळावं लागतं.” एकदा त्यांनी मला विशेषणं समजावून सांगितली. ‘मा’ म्हणजे चांगला. चांगला दिवस, लॉ मा. पण चांगली रात्र म्हणायची तर ईहे वा, कारण रात्र स्त्रीलिंगी, आणि स्त्रीलिंगी नामापुढे विशेषणाचा म मऊ होऊन व होतो. “बघ ना, त्यांचाही दिवस पुल्लिंगी आणि रात्र स्त्रीलिंगी. एवढ्या लांब, समुद्राच्या त्या टोकाला, कुणीतरी आपल्यासारखंच ठरवलं.” हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता, की चहा उतू गेलेला कळला नाही.

आणखी एक आठवतं. फ्यॅर म्हणजे माणूस, पुरुष. पण ‘त्या माणसाचा’ असं म्हणायचं झालं तर पहिलं फ लिहायचं, म्हणायचं मात्र नाही; उच्चार नुसता इर. मावशी जरा वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मिरजेच्या दारावरच्या पाटीसारखं झालं. नाव लिहिलंय, माणूस नाही.” काकांबद्दल त्या फारसं बोलत नसत. तेवढंच त्या बोलल्या आणि पान उलटलं.

मेरीचं खरं नाव मॉरा, हे केव्हिनने सांगितलं. घरी, आयर्लंडमध्ये, तिला तसंच म्हणत. तिला आता मेरी म्हटलं तर कळतच नव्हतं, म्हणून मावशी तिला मॉरा म्हणायला लागल्या. मॉरा ऐकायची, कधी नजर हलायची, पण ओ द्यायची नाही. मावशींना हे खटकत होतं. दोन-तीन दिवस त्या पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. मग एके दिवशी मी ऑफिसमधून येऊन गाडी लावतेय तर त्या पार्किंगमध्येच माझी वाट बघत उभ्या. “सापडलं,” म्हणाल्या. “संबोधन! हाक मारताना नाव बदलतं त्यांच्याकडे. मॉरा म्हणजे तिच्याबद्दल बोलणं. तिला हाक मारायची तर अ वॉरा. इतके दिवस मी तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलत होते गं. तिला हाक मारतच नव्हते.” मग म्हणाल्या, “आपल्याकडेही आहेच की. मेधाची मेधे होते.” माझी आई गेल्यापासून मला मेधे म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. ऑफिसात मी मीडा आहे. आम्ही तशाच मॉराच्या पॅटिओकडे गेलो.

मॉरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. मावशींनी दारातूनच हाक मारली, “अ वॉरा.” आणि मॉरा वळली. हळू नाही, झटकन वळली, स्वयंपाक करता करता कुणी अंगणातून हाक मारावी आणि माणूस वळावं तशी. तिचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता. ती भराभर बोलायला लागली, मावशींना त्यातलं दहातलं एखादंच वाक्य कळलं असेल. मध्येमध्ये ती ‘अ व्रीज’ म्हणत होती. नंतर केव्हिनकडून कळलं, मॉराची थोरली बहीण होती, ब्रीज, फार पूर्वी गेली. मॉराने मावशींना ब्रीज समजून हाक मारली होती.

“तुम्ही सांगितलं नाही, की तुम्ही ब्रीज नाही म्हणून?” मी विचारलं. मावशी म्हणाल्या, “आजी म्हणतात, आई म्हणतात, मावशी म्हणतात. माझ्या नावाने मला हाक मारणारं कोण राहिलंय? तिने ज्या नावाने मारली त्या नावाने ओ दिली. चालतं.”

पुढचं वर्षभर त्या दोघी बहिणी होत्या. मला काही कळायचं नाही, मी नुसती बसायचे. पण एवढं दिसायचं, की मॉरा जेवते, रडत नाही, कधी कधी मावशींचं चुकलं तर त्यांना हटकते. मावशींना हटकलं की अतोनात आनंद व्हायचा. “बघ, तिला दिवस कळत नाही, मुलगा ओळखता येत नाही, पण मी स्त्रीलिंगी शब्दापुढे विशेषण मऊ केलं नाही तर ते लगेच कळतं,” त्या सांगायच्या. मॉरा गावाबद्दल बोलायची. पाऊस, कोंबड्या घरात यायच्या म्हणून लावून घ्यायचं दार, समुद्रावरून आणलेलं शेवाळ शेतात पसरणं. मावशी ते रात्री मला फोनवर मराठीत सांगायच्या. कधी कधी मला वाटायचं, पार्सिपनीच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये एवढ्या माणसांत फक्त ह्या दोघींनाच बोलायला कुणीतरी आहे.

मग निखिलची बदली झाली. फ्रिस्कोला नवं ऑफिस, मोठं घर, ईशासाठी चांगलं कॉलेज. त्यात गैर काहीच नव्हतं. मावशी म्हणाल्या, मी इथेच राहते, मेधाकडे. मीही मनापासून म्हटलं, राहा. निखिल आधी शांतपणे समजावत होता, मग त्याचा आवाज चढला. “आई, तू इथे स्नोमध्ये एकटी, आम्ही तिकडे, लोक काय म्हणतील ते सोड, मला झोप लागेल का? आणि कशासाठी? एका... ती तुला ओळखतही नाही, आई.” मावशी म्हणाल्या, “ओळखत नाही, पण बोलते ना माझ्याशी.” निखिलला ते लागलं असावं, आणि मावशींनाही बोलून झाल्यावर पश्चात्ताप झालेला दिसला. दुसऱ्या दिवशी त्या त्याला म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर.

निघायच्या आदल्या दुपारी त्या मॉराकडे गेल्या. मी बाहेर गाडीत थांबले होते. एरवी उठायची वेळ झाली की मॉरा त्यांचा पदर धरायची, जाऊ द्यायची नाही; मावशी काहीतरी निमित्त करून सुटका करून घ्यायच्या. त्या दिवशी तिने धरलं नाही. मावशी येऊन गाडीत बसल्या, पट्टा लावायला विसरल्या, गाडी टुंग टुंग करत राहिली. म्हणाल्या, “ती म्हणाली, स्लॉन अवाल्ये.” मी विचारलं, म्हणजे काय. “बाल्ये म्हणजे गाव, घर. अवाल्ये म्हणजे घराकडे. घरी सुखरूप जा, म्हणाली.” मग एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू आलं. “घरी म्हणजे कुठे गं, मेधे? कुठल्या घरी?” मी पट्टा लावून दिला.

त्यानंतर दर रविवारी मी मॉराकडे जाऊन फोन धरायचे, आणि तिकडून फ्रिस्कोहून मावशी व्हिडिओवर बोलायच्या. मॉरा हाक ऐकून वळायची, पण फोनकडे नाही, दाराकडे. माणूस आत येईल म्हणून बघत बसायची. एकदा तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि उलटा करून पाठीमागे कोण आहे ते पाहिलं. मावशी पलीकडून हाका मारत होत्या, आणि इथे स्क्रीनवर मॉराचा फक्त तळहात दिसत असेल त्यांना. काही आठवड्यांनी मावशीच म्हणाल्या, “राहू दे. तिला उगाच आशा लागते.” मी मात्र जात राहिले. मला आयरिश येत नाही. मी जायचे आणि दार नीट लागलंय ना ते बघायचे.

मॉरा गेल्या ऑक्टोबरात गेली. केव्हिनचा फोन आला, त्याने मावशींना कळवायला सांगितलं आणि म्हणाला, शेवटचे दोन दिवस ती सारखं काहीतरी बोलत होती. त्याने ते रेकॉर्ड केलं होतं, मावशींना पाठवलं. मावशींनी ऐकलं, आणि त्याला काय कळवलं माहीत आहे? की ती तुझ्या वडिलांबद्दल बोलत होती, चांगलं बोलत होती. मी त्यांना विचारलं, खरंच? त्या म्हणाल्या, “अर्धं कळलं नाही, मेधे. दम लागला होता तिला. पण केव्हिनच्या बाबांचं नाव दोनदा आलं. हाक मारताना येतं, तसं आलं.”

त्यानंतरचे त्यांचे फोन... फ्रिस्कोत रस्ते रुंद, पायी जाण्यासारखं काही नाही, घर मोठं, दिवसभर रिकामं. मी त्यांना इंटरनेटवर आयरिश बोलणाऱ्यांचा एक गट शोधून दिला. त्या एकदाच गेल्या. “पोरं गुणी आहेत,” म्हणाल्या, “व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण त्यांना भाषा बोलायची होती. मला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.” मग एकदा म्हणाल्या, “मी मॉराची भाषा शिकले गं, आयर्लंडची नाही. ती भाषा आता येऊन काय करू?” मी म्हटलं, मी ख्रिसमसला येते. कामाचं काहीतरी निघालं, फेब्रुवारीत येते म्हटलं. त्या म्हणाल्या, ये सावकाश, मी कुठे जातेय.

मी मार्चमध्ये गेले. निखिल एअरपोर्टवर घ्यायला आला, घराजवळ आल्यावर गाडी लावत म्हणाला, “मला वाटायचं आई वेळ घालवतेय.” एवढं म्हणून तो डिकीतली बॅग काढायला उतरला. सून ऑफिसला गेली होती. निखिललाही मीटिंगला परत जायचं होतं. घरात ईशा आणि मी. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून आम्ही चहा प्यायलो. ईशा इंग्रजीत सांगत होती, की थंडीच्या सुट्टीत आजी तिला संध्याकाळी शिकवायला लागली होती. मला वाटलं, आयरिश. “नो, नो,” ती म्हणाली, “मराठी.” मॉरा गेल्यावर एकदा आजीला एकटीलाच टेबलाशी पुटपुटताना बघून ईशानेच विचारलं होतं, की चांगली रात्र का आणि चांगला दिवस का, हे कसं ठरतं. आजीने पुस्तक मिटलं आणि तिला समोर बसवलं. रोज थोडंथोडं. ईशा बोलताना अडखळायची, लाजायची. आजी हसायची नाही.

“आय वॉन्ट टु शो यू,” ईशा म्हणाली आणि जिन्याजवळच्या बंद दाराकडे बोट केलं. मग थांबली. तिने कप खाली ठेवला आणि मला कळलं, की ती मराठीत बोलायचा प्रयत्न करतेय. “आजीचा खोली,” ती म्हणाली. तिने मान हलवली. “आजीची खोली.” तेही तिला पुरेसं वाटलं नाही. ती दाराकडे बघत, ओठ हलवत राहिली. मी काही सुचवलं नाही. मुलगी गणित सोडवत असावी तशी कपाळाला आठी घालून उभी होती, आणि खिडकीबाहेर शेजारच्या कुंपणावर ऊन पडलं होतं.

“मेधामावशी,” शेवटी ती हळूच म्हणाली, “आपण आजीच्या खोलीत बसू या?”

तिने दार उघडलं. पलंगावर त्या जांभळ्या शालीच्या जोडीची दुसरी शाल घडी करून ठेवलेली होती. आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो, आणि निखिल परत येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.